फोनच्या काचेवर ओरखडा नेमका कशाने पडतो? दहा दगडांच्या फ्रीड्रिश मोसची गोष्ट

आज फोनच्या काचेबद्दल बोलायचंय, पण त्यासाठी तुम्हाला दोनशे वर्षं मागे न्यावं लागणार आहे. कंटाळू नका. सुरुवात माझ्याच फोनपासून करते.

मार्चमध्ये मी नवीन फोन घेतला. हप्त्यांवर. नवव्या दिवशी गणपतीपुळ्याहून परत येताना एसटीत बसल्या बसल्या फोन तिरका धरला, तर स्क्रीनच्या उजव्या बाजूला केसाएवढी बारीक रेघ! ओढणीने पुसली, गेली नाही. नख फिरवलं तर नखाला अडकत होती. म्हणजे डाग नव्हे, चांगला ओरखडा. अजून पहिला हप्ताही कापला गेला नव्हता.

घरी आल्यावर आईने किल्ल्यांना दोष दिला, कारण फोन आणि घराच्या किल्ल्या मी एकाच कप्प्यात ठेवते. दादाच्या मते सुट्ट्या पैशांनी घात केला. आणि कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याने सांगितलं की त्याच्याकडची ९एच टेम्पर्ड ग्लास लावली असती तर काही झालं नसतं, ती म्हणे हिऱ्याच्या खालोखाल कडक असते. तिघांचंही चुकलं होतं. ते का चुकलं हे मला ज्याच्यामुळे कळलं, तो माणूस १८३९ सालीच वारला.

त्याचं नाव फ्रीड्रिश मोस. भूगोलाच्या किंवा भूशास्त्राच्या पुस्तकात तुम्ही कदाचित मोह, मोहस, मोहज असं काहीही वाचलं असेल. जर्मनमध्ये त्यातला ह गिळला जातो, म्हणून मी मोस लिहितेय. यूट्यूबवर नव्या फोनची काच नंबर लिहिलेल्या टोकदार सुयांनी खरवडणारे व्हिडिओ बघता ना? ते नंबर याच माणसाचे.

खाणीतला मुकादम

मोसचा जन्म २९ जानेवारी १७७३ चा, जर्मनीतल्या हार्त्झ डोंगरांच्या कडेला असलेल्या गेर्नरोड या छोट्या गावातला. तेव्हा जर्मनी असा एक देश नव्हताच, छोटी छोटी संस्थानं होती. गेर्नरोड अनहाल्ट-बेर्नबुर्ग नावाच्या संस्थानात येत होतं. हार्त्झचे डोंगर म्हणजे खाणींचा मुलूख. चांदी, शिसं, तांबं तिथून शतकानुशतकं निघत होतं. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलाला दगडांचं वेड लागलं यात नवल काही नाही.

हाले विद्यापीठात त्याने गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकून घेतलं आणि मग गेला फ्रायबेर्गच्या खाण अकादमीत. तिथे आब्राहाम गोटलोब वेर्नर शिकवायचे. त्या काळी खनिजशास्त्रात वेर्नर म्हणजे शेवटचा शब्द. युरोपभरातून मुलं त्यांच्याकडे यायची. दगड ओळखायची त्यांची पद्धत एकदम हातातली होती: रंग बघा, चमक बघा, घासल्यावर पूड कोणत्या रंगाची पडते ते बघा, वजन अजमावा, कडकपणा बघा. प्रयोगशाळा नको, आम्ल नको.

पण यात एक घोळ होता. कडकपणा लिहायचा कसा? वेर्नरच्या पद्धतीत त्यासाठी शब्द होते. कडक, अर्धकडक, मऊ, फार मऊ, असे. आता माझा अर्धकडक आणि तुमचा अर्धकडक एकच कशावरून? आपल्याकडे जेवणाचं तिखट कसं असतं तसंच. कोल्हापूरच्या माणसाचं बेताचं तिखट पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी काढतं. शब्द तोच, अर्थ ज्याचा त्याचा.

शिक्षणानंतर १८०१ मध्ये मोस नोयडोर्फच्या खाणीत मुकादम म्हणून लागला. मला हा भाग महत्त्वाचा वाटतो. दिव्याच्या उजेडात, ओल्या भिंतीतून निघालेला दगड कामाचा की फेकायचा हे तिथल्या तिथे ठरवायचं असतं. हातात असतो सुरा, कानस, फार तर खिशातला ओळखीचा एखादा दगड. हा त्यावर ओरखडतो, का तो ह्यावर? खाणकामगार हे फार पूर्वीपासून करत होते. ग्रीक लेखक थिओफ्रास्टसने ख्रिस्तपूर्व काळातच दगडांच्या अशा फरकांबद्दल लिहून ठेवलंय. म्हणजे ओरखड्याची परीक्षा मोसने शोधली नाही. त्याने काय केलं ते पुढे येईलच.

बँकरचा खजिना

१८०२ मध्ये मोस ऑस्ट्रियाला गेला. व्हिएन्नात फान डेर न्यूल नावाचा एक बँकर होता. त्याला खनिजं जमवायचा नाद. पैसा भरपूर, दगड भरपूर, पण कोणता कुठला याची नीट यादी नाही. ती यादी करायला मोसला बोलावलं. एकेक नमुना हातात घ्यायचा, ओळखायचा, वर्णन लिहायचं, कपाटात जागेवर ठेवायचा. १८०४ मध्ये या संग्रहाचं वर्णन ग्रंथरूपात छापूनही आलं.

हे काम म्हणजे कल्पना करा, कुणीतरी तुम्हाला हजारो फोटो असलेला फोन दिला, कशालाही नाव नाही, फोल्डर नाही, आणि म्हणालं लाव आता नीट. असलं काम केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते: वर्गवारीचे नियम ढिले असतील तर आज एका कप्प्यात ठेवलेली वस्तू उद्या दुसऱ्या कप्प्यात जाते. मोसला दगडांसाठी तसे नियम हवे होते, जसे लिनेयसने वनस्पतींना दिले. गण, कुळ, जात, सगळं फक्त बघून, मोजून आणि खरवडून ठरवता यायला हवं.

१८११ मध्ये आर्चड्यूक योहान या राजघराण्यातल्या माणसाने ग्रात्स शहरात योआनेउम नावाची संस्था काढली. संग्रहालयही आणि शिकवणीही. मोस तिथे खनिजशास्त्राचा प्राध्यापक झाला, आणि तिथेच १८१२ च्या सुमारास त्याची ती प्रसिद्ध श्रेणी तयार झाली.

युक्ती अगदी साधी. शब्द टाकून द्यायचे आणि त्यांच्या जागी दहा खरे दगड ठेवायचे. प्रत्येक दगड आपल्या आधीच्यावर ओरखडा पाडतो आणि पुढच्याकडून स्वतः ओरखडला जातो.

पहिल्या नंबरला टाल्क, आपलं शंखजिरं, ज्याची टाल्कम पावडर होते. दुसरा जिप्सम, ज्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस बनतं. नखाने यावर सहज रेघ पडते, कारण नख साधारण अडीचला येतं. तिसरा कॅल्साइट, म्हणजे संगमरवर ज्याचा बनतो तो. चौथा फ्लोराइट, पाचवा अपॅटाइट (आपल्या दातांचं आवरण याच जातीच्या खनिजाचं असतं), सहावा ऑर्थोक्लेज नावाचा फेल्डस्पार. सातवी आपली गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ. आठवा पुष्कराज, नववा कुरुंद आणि दहावा हिरा. माणिक आणि नीलम ही दोन्ही कुरुंदाचीच रंगीत भावंडं. जाता जाता सांगते, आपल्याकडे पुष्कराज म्हणून अंगठीत बसवतात तो बहुतेक वेळा पिवळा नीलम असतो, म्हणजे आठ नव्हे, नऊ.

बघा, मोसने दगड निवडलेत ते हिरा सोडला तर बऱ्यापैकी सहज मिळणारे. ग्रात्समधला विद्यार्थी आणि लंडनमधला विद्यार्थी दोघंही तोच संच जमवू शकतात आणि दोघांचं उत्तर तेच येतं. नुसती रेघ पडली म्हणून तो थांबत नसे, नमुना बारीक कानशीवर घासून किती अडतो, आवाज कसा येतो, पूड किती पडते तेही ताडायचा.

आणखी एक बारकावा, जो फोनवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. रेघ दिसली म्हणजे ओरखडा पडला असं नाही. मऊ वस्तू कडक वस्तूवर घासली तर मऊ वस्तूचीच पूड मागे राहते आणि ती रेघेसारखी दिसते. म्हणून आधी पुसायचं, मग ठरवायचं. नाण्याने काचेवर करड्या रंगाची रेघ येते ना, ती बहुतेकदा नाण्याचीच झीज असते. ओल्या कापडाने निघते.

मग माझ्या फोनवर ओरखडा कशाने पडला?

आता मोसच्या पट्टीवर आपला फोन ठेवू. खिडकीची साधी काच साडेपाचच्या आसपास. फोनची काच अ‍ॅल्युमिनोसिलिकेट प्रकारची असते. ती पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात, साधारण ४०० अंश सेल्सिअसला बुडवतात. काचेतले सोडियमचे छोटे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात. लोकलच्या चौथ्या सीटसारखं. जागा तेवढीच, माणूस मोठा, त्यामुळे सगळे दाबले जातात. काचेचा पृष्ठभाग असा कायम दाबाखाली राहिला की तडा सहज पसरत नाही. फोन पडल्यावर वाचतो तो या दाबामुळे. पण ओरखड्याच्या बाबतीत काच शेवटी काचच. सहा नंबरच्या टोकाने तिच्यावर बारीक खुणा दिसायला लागतात आणि सातच्या टोकाने स्पष्ट चर पडतात.

घराच्या किल्ल्या बहुधा पितळेच्या, तीन ते चारच्या मधल्या. नाणी स्टीलची असली तरी काचेपेक्षा मऊच. म्हणजे आई आणि दादा दोघंही चुकले. पण आईची समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. फोनचे पडदे पूर्वी प्लॅस्टिकचे असायचे आणि त्यांच्यावर किल्लीने खरंच रेघा पडायच्या. पहिला आयफोन जानेवारी २००७ मध्ये दाखवला तेव्हा त्याचा पडदाही प्लॅस्टिकचाच होता. खिशातल्या किल्ल्यांनी तो खरवडला जातोय हे दिसल्यावर घाईघाईने काच आणली गेली आणि जूनमध्ये फोन विकायला आला तो काचेचा. किल्लीची भीती तेव्हाची आहे. आणि हो, घडीचे फोन वापरणाऱ्यांनी ती भीती पुन्हा बाळगायला हवी. त्यांच्या आतल्या पडद्यावर सगळ्यात वर प्लॅस्टिकचाच थर असतो, जोरात दाबलेल्या नखाचीही खूण उमटू शकते.

माझा गुन्हेगार होता वाळू. समुद्रावरून येताना जीन्सच्या खिशात जी चिमूटभर वाळू राहिली, तिच्यात गारेचे कण होते. सात नंबर. पृथ्वीच्या भूखंडांच्या कवचात साधारण १२ टक्के क्वार्ट्झ असतं आणि फेल्डस्पार तर त्याहून कितीतरी जास्त. धुळीत या दोघांचेही कण असतात. किल्ली निष्पाप, पण किल्ली आणि काच यांच्यामध्ये अडकलेला वाळूचा कण दोघांच्या दाबाने काच खरवडतो. शहरात राहता म्हणून सुटलात असं समजू नका. बांधकामावर आता काळ्या पाषाणाचा चुरा, ती क्रश सँड, वापरतात. त्या कातळात गारगोटी फारशी नसली तरी फेल्डस्पार असतो, तो सहाचा. बारीक खुणांना तेवढा पुरतो.

म्हणून फोन शर्टाला किंवा ओढणीला खसाखसा पुसायचा नाही (मी तेच केलं होतं!). आधी फुंकर मारा किंवा हलक्या हाताने झटका, मग किंचित ओलसर मायक्रोफायबरने पुसा. किल्ल्या काढण्यापेक्षा खिसा उलटा करून झटकणं जास्त उपयोगाचं. टूथपेस्ट लावून ओरखडा घालवायचा उपाय सगळीकडे फिरतोय, त्याच्या नादी लागू नका. चर काही भरून येत नाही, उलट काचेवरचा बोटांचे तेलकट ठसे बसू न देणारा पातळ लेप निघून जातो.

आणि मोबाईलवाल्याची ९एच? यात खरी गंमत आहे. हा नऊ मोसचा नऊ नाहीच. हा पेन्सिलचा नऊ. चित्रकलेच्या पेन्सिली असतात ना, एचबी, २एच, ४एच, तशीच सगळ्यात कडक ९एच. रंगाचा किंवा लेपाचा थर किती टिकाऊ हे बघायला अशा पेन्सिली ठराविक दाबाने त्यावर ओढतात. ९एचने रेघ पडली नाही की झाली ९एच. पण पेन्सिलीतलं ग्राफाइट मोसच्या पट्टीवर एक-दोनच्या घरात. साधी खिडकीची काचही या परीक्षेत पास होईल. ज्याला खरंच मोसचा नऊ हवा त्याने महागड्या घड्याळांच्या काचेकडे बघावं, ती कृत्रिम नीलमाची असते.

मग टेम्पर्ड ग्लास लावायचीच नाही का? लावा, मी आता लावलीय. पण ती फोनच्या काचेपेक्षा कडक असते म्हणून नाही. वाळूचा कण तिलाही तसाच खरवडतो. फक्त चर तिच्यावर पडतो आणि ती शे-दीडशे रुपयांत बदलता येते. चर वाचवणं हे नुसतं दिसण्यापुरतं नसतं. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९२१ मध्ये दाखवून दिलं की काच तुटते ती तिच्यावरच्या बारीक भेगांपासून. ताण भेगेच्या टोकाशी गोळा होतो. जो फोन काल पडून वाचला, तोच उद्या ओरखड्यासकट तितक्याच उंचीवरून पडला तर वाचेलच असं नाही.

कडकपणा आणि चिवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मोसची पट्टी सांगत नाही. हिरा दहा नंबरचा, पण नेमक्या दिशेने हातोडी बसली तर फुटतो. पट्टीचे आकडेही समान अंतराचे नाहीत. नऊ आणि दहा शेजारी दिसतात, प्रत्यक्षात मोजलं तर हिरा कुरुंदाच्या जवळपास चौपट कडक निघतो. मोसचे नंबर म्हणजे रांगेतला क्रम. वर्गात पहिल्या आणि दुसऱ्या मुलात किती मार्कांचा फरक आहे, हे नुसत्या क्रमांकावरून कुठे कळतं?

ज्या कामासाठी आयुष्य घातलं ते

आता मोसकडे परत. कारण त्याला स्वतःला विचारलं असतं तर ही दहा दगडांची पट्टी त्याने आपलं मोठं काम म्हणून नक्कीच सांगितली नसती. ते निव्वळ हत्यार होतं. मोठं काम होतं ती वर्गवारी.

१८१७ मध्ये वेर्नर वारले आणि १८१८ मध्ये फ्रायबेर्गला त्यांच्या खुर्चीवर मोसला बोलावलं. जिथे बाकावर बसून शिकला तिथेच गुरूच्या जागी उभा राहिला. तिथे असताना, १८२२ ते १८२४ मध्ये, त्याचा मोठा ग्रंथ आला. त्याचा शिष्य विल्हेल्म हायडिंगर याने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, ते १८२५ मध्ये एडिनबरोत छापलं गेलं. स्फटिकांच्या आकारांची गटवारीही मोसने याच काळात मांडली. तशीच मांडणी क्रिस्टियान वाइस नावाच्या दुसऱ्या जर्मन प्राध्यापकाने केली होती, त्यावरून आधी कोणी केलं हा वाद पेटला. विज्ञानातही हे चालतंच.

पण खरा झगडा रसायनवाल्यांशी होता. स्वीडनचे बर्झेलियस आणि त्यांच्या विचाराचे लोक सांगत होते की खनिज ओळखायचं ते त्यात कोणती मूलद्रव्यं आहेत यावरून. मोसला ते मान्य नव्हतं. रासायनिक परीक्षा करायची तर दगड नष्ट करावा लागतो, आणि नष्ट केल्यावर उरतं ते खनिज नव्हेच, असा त्याचा रोख. त्याच्या बाजूनेही मुद्दे होते. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन हे १७९७ मध्येच सिद्ध झालं होतं. पेन्सिलीतलं ग्राफाइटही कार्बन. रसायनाच्या हिशेबाने दोघं एकच, मोसच्या पट्टीवर मात्र एक तळाशी आणि एक टोकाला. नुसतं काय घातलंय हे सांगून भागत नाही, कसं रचलंय तेही बघायला लागतं.

तरीही मोसने हट्ट जास्तच ताणला असं मला वाटतं. त्याच्या वर्गवारीत वायू, पाणी, आम्लं, क्षार यांचाही एक वर्ग होता. खनिजांना वनस्पतींसारखी गण-जातीची नावं होती. आणि दुसऱ्या बाजूला रसायनशास्त्र दर दशकाला ताकदवान होत चाललं होतं. अमेरिकेत जेम्स ड्वाइट डेना याने १८३७ मध्ये आपल्या पुस्तकात निसर्ग-इतिहासाच्या पद्धतीची वर्गवारी घेतली होती. १८५० च्या आवृत्तीत त्यानेच ती टाकून रासायनिक वर्गवारी आणली. आज जगभरातली खनिजांची संग्रहालयं, आपल्या नाशिकजवळ सिन्नरचं गारगोटी संग्रहालय धरून, खनिजाचं नाव ठरवतात ते रसायन आणि स्फटिकाची रचना बघूनच.

मोसला हे सगळं बघायला लागलं नाही. १८२६ मध्ये तो व्हिएन्नाला प्राध्यापक झाला. तिथल्या राजसंग्रहात त्या बँकरचे दगडही पुढे विकत घेतले गेले, तेच दगड ज्यांची यादी त्याने तरुणपणी केली होती. १८३५ मध्ये त्याला सरकारी खाण खात्यात सल्लागाराचं पद मिळालं. म्हणजे मुकादमापासून सुरुवात केलेला माणूस फिरून खाणींकडेच आला.

१८३९ मध्ये तो इटलीच्या दौऱ्यावर निघाला. तिथले ज्वालामुखींचे प्रदेश त्याला बघायचे होते. वय ६६. आल्प्सच्या दक्षिण उतारावर बेलुनोजवळ आगोर्दो नावाचं गाव आहे, तेही खाणीचंच गाव. तिथे २९ सप्टेंबरला तो वारला. ज्वालामुखी बघायचे राहून गेले. तिथेच त्याला पुरलं आणि नंतर अस्थी व्हिएन्नाला आणल्या. व्हिएन्नाच्या तिसऱ्या वॉर्डात त्याच्या नावाची एक गल्ली आहे, मोसगासे. माझ्या फोनवरची रेघ अजून तशीच आहे, नव्या टेम्पर्ड ग्लासखाली, उजव्या बाजूला.